फोटोंचं बळद

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत, मी एका डब्यावर बोलते. आमच्या परभणीच्या घरी, मधल्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी एक काळा डबा आहे. आकार साधारण आडव्या ठेवलेल्या दोन जाड शब्दकोशांएवढा. आई त्याला "तुझं ते बळद" म्हणते. माळवदाच्या घरांत वाढलेल्यांना बळद सांगायला नको. घरातल्या घरात, भिंतीआड धान्य साठवायची जागा. कॉम्प्युटरवाले ज्याला फाइल सर्व्हर म्हणतात, त्याला आईचा शब्दच मला जास्त बरोबर वाटतो. घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, कागद एका ठिकाणी पडतात, आणि लागेल तसे ज्याच्या त्याच्या फोनवरून काढता येतात. बस, एवढंच काम.

हा विषय निवडायचं कारण आपला ग्रुप. गेले चार महिने त्यावर जुने फोटो येतायत. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे, प्रभातफेरीचे. एकानं नाटकाचा फोटो टाकला, त्यात मी झाडाच्या वेशात उभी आहे. पण हे सगळे फोटो व्हॉट्सॲपनं आवळून पाठवलेले आहेत. मोठे करून बघा, मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांच्या जागी ठिपके दिसतात. मूळ फोटो कुणाच्या तरी घरी कपाटात आहेत, आणि परभणीत कपाट म्हटलं की वाळवी आलीच. चार जणांनी विचारलं, हे नीट ठेवायचं कुठे? स्वस्तात काय घ्यावं? ते उत्तर आज देते.

आधी एक प्रामाणिक गोष्ट. फक्त स्वतःच्या फोनमधले फोटो ठेवायचे असतील तर डबा घेऊच नका. गूगलनं फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली, १५ जीबीपर्यंतच फुकट ठेवलं. त्याहून जास्त लागलं तर वर्गणी भरावी. एका कुटुंबाला ती डब्यापेक्षा स्वस्त पडते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण वर्गणी आणि पासवर्ड हे एका माणसाच्या नावावर असतात. आपल्यापैकी किती जणांचे आईवडील गेल्या पाच-सहा वर्षांत गेले, ते सकाळी श्रद्धांजलीच्या वेळी आपण ऐकलंच. त्यांचे फोन ड्रॉवरमध्ये पडून आहेत. पासवर्ड माहीत नाही, सिम बंद झालंय. आणि गूगलचा नियम असा की सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं ते काढून टाकू शकतात. ही अंमलबजावणी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, पण आपल्या बाबांचे शेवटचे फोटो त्या नियमात जातात. तेव्हा आज घरी गेल्यावर तो फोन चार्जिंगला लावा आणि खातं एकदा उघडून बघा. बाकी भाषण विसरलात तरी चालेल.

माझ्या डब्याचं निमित्त आजी होती. २००९ साली मी तिच्या जात्यावरच्या ओव्या साध्या नोकियाच्या फोनवर टिपल्या होत्या. अकरा मिनिटं. मध्ये शेजारच्या घरातला कुकर तीनदा शिट्टी देतो. फाइल इतकी लहान आहे की आजच्या फोनमधल्या एका फोटोच्या जागेत मावेल. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. त्या आज पारी या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. पण माझ्या आजीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. ती अकरा मिनिटं सांभाळायला माझ्याशिवाय कुणी नाही. तुमच्याही घरात असं काहीतरी असेलच.

आता डब्याकडे येऊ. लोकांचा पहिला प्रश्न असतो, किती मोठा घेऊ? म्हणून हिशेब करू. फोनमधला एक फोटो साधारण तीन-चार एमबी. म्हणजे एक लाख फोटो तीन-चारशे जीबीत बसतात. लग्नाची तीन तासांची व्हिडिओ कॅसेट संगणकात उतरवली तर सहा-सात जीबी. आपल्या वर्गातल्या चाळीस घरांनी प्रत्येकी तीनशे जुने फोटो दिले आणि स्कॅनचा प्रत्येक फोटो पाच एमबी धरला, तर एकूण साठ जीबी. हे तर पेनड्राइव्हमध्ये मावतं! तेव्हा जागेची चिंता सोडा. नव्या फोननं काढलेले व्हिडिओ तेवढे जागा खातात. घरासाठी दोन टीबी पुरेसे, चार घेतले तर दहा वर्षं बघायला नको. (सर, हा टीबी वेगळा, म्हणजे हजार जीबी.)

मग यंत्र कोणतं? बाजारात यासाठी तयार पेट्या मिळतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे. चांगल्या आहेत. पण दोन डिस्कची पेटी रिकामीच वीस हजारांच्या घरात किंवा वर जाते, डिस्कचे पैसे वेगळे. ज्याला हात काळे करायचे नाहीत आणि खिशाला झेपतं, त्यानं खुशाल घ्यावी. दुसरं टोक म्हणजे रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा संगणक. वीज अगदी कमी खातो. २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्याचा वेगही या कामाला पुरेसा झाला. पण त्याला डिस्क बाहेरून वायरीनं लटकवावी लागते. तिला वेगळा वीजपुरवठा, वर पेटी, अडॅप्टर, मेमरी कार्ड. बेरीज केली की स्वस्ताई उरत नाही, आणि घरात लेकरं असतील तर ती वायर कधीतरी ओढली जातेच.

तिसरा पर्याय बरेच जण सुचवतात. "घरात जुना कॉम्प्युटर पडलाय, तोच लावतो." फुकट मिळालं की आपल्याला आनंद होतो. पण विज्ञानाच्या तासाला शिकलेलं युनिट आठवा. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. डबा चोवीस तास चालणार. पंधरा-अठरा वर्षांपूर्वीचा जाडजूड डेस्कटॉप नुसता बसून ऐंशी वॅट खातो. वर्षाचे झाले सातशे युनिट. युनिट दहा रुपये धरा, सात हजार रुपये. पंचवीस वॅटचं यंत्र असेल तर वर्षाला दोनशे वीस युनिट, म्हणजे बावीसशे रुपये. दोन वर्षांत फुकटचं यंत्र विकतच्या यंत्राएवढ्याला पडतं, आणि उन्हाळ्यात खोली तापवतं ते वेगळंच.

म्हणून मी घेतला तो ऑफिसांतून निघालेला छोट्या पेटीचा डेस्कटॉप. सध्या हे यंत्र घ्यायला काळही चांगला आहे. विंडोज १० ची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं केवळ या एका अटीपायी कंपन्या काढून टाकतायत. आपल्याला विंडोज कुठे हवंय? लिनक्सवर चालणारी फुकट प्रणाली, उदाहरणार्थ ओपनमीडियाव्हॉल्ट, त्यावर आरामात धावते. आपल्या गावाची म्हण आहे ना, बनी तो बनी, नहीं तो परभणी. त्या यंत्रांना ती तंतोतंत लागू पडते. शिवाय डेटा सेंटरवाल्यांनी उचल केल्यामुळे गेल्या काही महिन्यांत नव्या रॅमचे भाव भडकलेत, आणि या जुन्या यंत्रांत रॅम आधीच बसवलेली येते. मला आठ जीबी रॅमसकट यंत्र साडेआठ हजारांना पडलं. फायली ठेवायला-काढायला तेवढी रॅम भरपूर झाली.

घेताना दुकानात काय बघायचं ते सांगते, कारण दुकानदार प्रोसेसरचं नाव मोठ्यानं सांगतो आणि बाकीचं सांगत नाही. पेटी उघडायला लावा. आत साडेतीन इंची डिस्कसाठी जागा किती आहेत ते मोजा. काही पेट्यांत एकच असते, काहींत दोन. पुस्तकाएवढ्या अगदी छोट्या पेट्या दिसायला गोड, पण त्यांत मोठी डिस्क बसतच नाही, त्या सोडून द्या. मग डिस्कच्या वायरी लावायला बोर्डावर मोकळ्या जागा आहेत का, आणि दुसऱ्या डिस्कला वीज द्यायला जोड आहे का. चालू करून सेटिंगच्या पानावर जा. ऑफिसची यंत्रं असल्यानं कधी कधी तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असतो. तो निघत नसेल तर यंत्र परत ठेवा. शेवटी पंखा ऐका. खरखरला तर दोनशे रुपये कमी करून मागा.

यंत्रावर एवढंच, कारण यंत्र बिघडलं तर दुसरं आणता येतं. पैसे घालायचे ते डिस्कमध्ये, आणि डिस्क नवीच घ्यायची. ती फिरणारी वस्तू आहे, झिजते. मोठ्या कंपन्या आपल्या हजारो डिस्कचा हिशेब ठेवतात, त्यांच्याकडे वर्षाला शंभरात साधारण एक-दोन बंद पडतात. ऐकायला कमी वाटतं, पण त्या एकीत आपल्या आईचा आवाज असतो तेव्हा तो आकडा काय कामाचा?

डिस्कमध्ये एक मेख आहे. काही डिस्कांवर माहितीच्या पट्ट्या शेजारीशेजारी असतात, काहींवर शेडच्या पत्र्यांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या. दुसऱ्या प्रकारात जागा वाचते, डिस्क स्वस्त होते. पण मधला पत्रा बदलायचा तर वरचे उचलावे लागतात, हे शेड बांधलेल्या कुणालाही विचारा. म्हणून सारखं लिहिणं-पुसणं असेल तिथे ती डिस्क दमते. पहिल्या प्रकाराला सीएमआर म्हणतात, दुसऱ्याला एसएमआर. २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या रेड या मालिकेत, जी याच कामासाठी विकली जात होती, काही डिस्क न सांगता एसएमआर दिल्या होत्या. बराच गदारोळ झाला. आता त्या कंपनीत सीएमआर हवी तर रेड प्लस मागावी लागते. सीगेटची आयर्नवुल्फही सीएमआर आहे. आणि परभणीत यातलं काहीच मिळालं नाही तर सीसीटीव्ही बसवणाऱ्यांकडे जा. कॅमेऱ्यासाठीची डिस्क चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेली असते. अडीअडचणीला तीही चालते.

मी चार टीबीच्या तीन डिस्क घेतल्या, प्रत्येकी दहा हजारांच्या आसपास. तीन कशाला, ते सांगायला हवं, कारण इथे शिकलेली माणसंही गोंधळतात. १९८८ मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या तीन संशोधकांनी एक निबंध लिहिला. महाग, मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून वापरा, असा त्याचा विषय. रेड हा शब्द तिथून आला, आणि त्यातल्या एका अक्षराचा मूळ अर्थच 'स्वस्त' असा होता. पुढे कंपन्यांनी तो बदलून 'स्वतंत्र' केला. स्वस्त शब्दावर महागड्या पेट्या कशा विकायच्या! या पद्धतीत दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या चालवता येतात. एक बंद पडली तरी काम थांबत नाही. पण आरसा म्हणजे आरसा. इकडे लेकरानं फोल्डर पुसलं की तिकडेही त्याच क्षणी पुसलं गेलं. बँकेला काम थांबून चालत नाही, तिला आरसा हवाच. आपल्या घरात दोन दिवस फोटो दिसले नाहीत तर काय बिघडतं? म्हणून मी आरसा केला नाही. दुसरी डिस्क रोज पहाटे तीनला पहिलीची नक्कल घेते, आणि पुसलेल्या गोष्टी साठ दिवस बाजूला ठेवते. भाच्यानं एकदा मुंजीचं अख्खं फोल्डर उडवलं होतं, ते तिथूनच परत आलं.

आणि तिसरी डिस्क परभणीत नाहीच. ती पुण्यात माझ्या कपाटात असते. दिवाळीला आणि उन्हाळ्यात येताना आणते, नक्कल घेते, परत नेते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर साठवलेल्या, त्यातली एक गावाबाहेर, असा पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केलेला नियम आहे. पण आपल्या मराठीच्या बाईंसमोर परदेशातलं उदाहरण कशाला देऊ? लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली, आणि मग ज्यांना जसं पाठ होतं तसं पुन्हा लिहावं लागलं. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ. पाठ करणारी माणसं होती म्हणून निदान तेवढं तरी मिळालं. आपल्या स्नेहसंमेलनाचे फोटो कुणालाही पाठ नाहीत.

आता जे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही ते, म्हणजे परभणीचा उन्हाळा आणि परभणीची वीज.

डिस्कचे कारखाने साठ अंशांपर्यंत चालेल असं लिहितात. मे महिन्यात दुपारी आपल्या बंद खोलीत चाळीसच्या वर असतं, आणि डिस्क खोलीपेक्षा दहा-बारा अंशांनी गरम राहते. म्हणजे पन्नाशी सहज ओलांडते. चालेल, पण आयुष्य कमी होईल. म्हणून डबा पत्र्याखाली नको, माळ्यावर नको, बंद कपाटात तर नकोच. खाली, फरशीपासून वीतभर उंच, भिंतीपासून चार बोटं दूर. कूलरच्या झोतात ठेवायचा मोह होतो, पण ती हवा ओली असते, त्यात ठेवू नका. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये तो दुपारी आपोआप बंद होतो आणि संध्याकाळी उठतो. आईही त्याच वेळी झोपते, त्यामुळे कुणाची तक्रार नाही. महिन्यातून एकदा जाळीवरची धूळ झटकायची. पेटीला मागे उघडी खाच असेल तर तिथे पट्टी लावायची. पालीला ऊब आवडते, आणि तिचा शॉर्टसर्किट आपल्याला परवडत नाही.

विजेचं म्हणाल तर वेगळा यूपीएस घ्यायची घाई नको, घरात इन्व्हर्टर असेल तर आधी त्याच्या मागे बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर एक छोटं बटण असतं, त्यावर यूपीएस आणि इको असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते यूपीएसवर असलं तर वीज गेल्यावर इन्व्हर्टर इतक्या पटकन सुरू होतो की डब्याला कळतही नाही. इकोवर असलं तर पंख्याला चालतं, पण डबा दरवेळी धाडकन बंद पडतो, आणि लिहिता लिहिता बंद पडणं डिस्कवरच्या फायलींना वाईट. दुसरं, सेटिंगच्या पानावर 'वीज आल्यावर स्वतःहून चालू हो' असा पर्याय असतो, तो लावा. नाहीतर रोज संध्याकाळी आईचा फोन येईल, तुझं बळद झोपलंय म्हणून.

एकूण खर्च सांगते. यंत्र साडेआठ हजार, डिस्क तीस हजार, वायरी आणि राउटरपर्यंतची केबल मिळून हजारभर. चाळीस हजारांच्या आत. त्यात यंत्र पाव हिश्शाहूनही कमी, बाकी सगळा खर्च प्रतींचा. घर लहान असेल तर दोन टीबीच्या दोनच डिस्क घ्या, एक डब्यात आणि एक बहिणीकडे. जवळजवळ निम्म्यात होतं.

आता मुद्द्याचं. संयोजकांशी बोलून मी एक प्रस्ताव आणलाय. आपल्या तुकडीचा एक डबा करू. चाळीस जण धरले तर माणशी हजार रुपये. आपल्या वर्गातले दोघं परभणीत दुकान चालवतात. दोघांकडे इन्व्हर्टर आहे, दोघांनीही जागा द्यायची तयारी दाखवलीय. एकाचं दुकान पत्र्याचं आहे, त्यामुळे मी दुसऱ्याच्या बाजूनं मत देईन, त्यानं राग मानू नये. नक्कल पुण्यात माझ्याकडे राहील, आणि तिसरी छत्रपती संभाजीनगरला कुणीतरी घ्यावी. पासवर्ड तिघांकडे असेल, शिवाय कागदावर लिहून पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात. आम्ही तिघं एकाच जीपमध्ये बसून लग्नाला जाऊ शकतो, म्हणून पाकीट. दर वर्षी आषाढीच्या आसपास कुणीतरी एक प्रत उघडून दहा फायली खरंच उघडतात का ते बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे. त्याला नावानिशी माणूस लागेल, आणि तो आज ठरला नाही तर हा डबा घ्यायचाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सर, बाई, तुमच्याकडे खास मागणं आहे. शाळेचे जे फोटो तुमच्या घरी आहेत ते आमच्यापैकी कुणाकडेच नाहीत. आम्ही समोर उभे होतो, कॅमेरा तुमच्याकडे होता. आठवी 'ब'च्या वर्गात स्कॅनर लावून ठेवलाय. आज सहापर्यंत आणि उद्या सकाळी दहा ते एक. फोटो तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच हातात परत देऊ. चिकटपट्टीच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात, अख्खा अल्बमच आणा. आणि फोटोतल्या मुलांची नावं आठवत असतील तर सांगायला थोडा वेळ घेऊन या, शेजारी एक जण वही घेऊन बसणार आहे.